देवडीवरची कासारीण

देवासात नर्मदाबाई कासारणीवर कुत्री भुंकत नसत. थोरल्या पातीच्या गल्लीतली नाहीत आणि धाकट्या पातीच्या गल्लीतलीही नाहीत. देवास गाव एक, पण राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. भावाभावांनी घर वाटून घ्यावं तसं गाव वाटून घेतलेलं. रस्त्याच्या या कडेचं घर थोरल्यांचं, त्या कडेचं धाकट्यांचं. कचेऱ्या दोन, दवाखाने दोन, आणि एका पातीचा शिपाई रस्ता ओलांडून गेला की नुसता बघ्या. पण बांगड्या दोन्हीकडच्या बायकांना लागत, आणि त्या भरायला नर्मदाबाईच जात असे.

मराठा मानकऱ्यांच्या घरी गोषा होता. सोनार बाहेरच्या चौकातून परत जाई, वैद्य पडद्याआडून नाडी बघे. कासारीण मात्र थेट आत, माजघर ओलांडून मागच्या चौकापर्यंत. तिथं ती बसकर पसरी, गाठोड्यातून बांगड्यांच्या माळा काढी आणि म्हणे, "पाणी आणा गं वाटीत." हात भिजवल्याशिवाय बांगडी चढत नाही. घरचं पाणी, घरची वाटी. त्या वाटीत सुनेचा हात बुडायचा, नर्मदाबाई तो हलके हलके चेपायची, आणि हात सैल पडला की जीभही सैल पडायची. सासूनं काय म्हटलं, नवऱ्यानं काय केलं, माहेरहून कोण आलं नाही, सगळं त्या वाटीवर सांगितलं जाई. बांगड्या भरून झाल्या की सून कासारणीला वाकून नमस्कार करी. या घरातलं त्या घरात नेलं असं नर्मदाबाईबद्दल कधी कुणी म्हटलं नव्हतं. तिची सारी पत त्यावर होती.

तिला मूल नव्हतं. प्लेगात आईबाप गेले तेव्हा धाकटा भाऊ भगवंत हिच्याकडे आला आणि हिनंच त्याला वाढवला. पोरगा चित्रं सुरेख काढी. म्हणून धारेला एका ओळखीच्या ओव्हरसियरकडे नकाशे शिकायला धाडला. पुढं हिवतापाचा तपास करणाऱ्या एका गोऱ्या डॉक्टरबरोबर त्याची नेमणूक झाली. डॉक्टर पाण्यातले किडे बाटलीत धरी आणि हा गावांचे नकाशे काढी. वर्ष-दोन वर्षं तो गंधवानी, अमझेरा, सरदारपूर असा हिंडत राहिला. दिल्लीदरबाराच्या आदल्या साली, ज्येष्ठात, तो देवासला आला तेव्हा त्याच्या पायात बूट होते आणि थोरल्या पातीच्या दरबारानं त्याला कामावर घेतलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, "जिजी, चादर पसर. आणि तुझ्या बांगड्या आण."

नर्मदाबाईचा नवरा गणोजी दुकान बंद करून नुकताच टेकला होता. म्हणाला, "क्यों सालेसाहेब, चुडा भरायचाय का? हात तरी दाखवा आधी."

भगवंत हसला नाही. त्यानं चादरीवर बांगड्या मांडायला घेतल्या. लाल आणि हिरव्या. मधे एक पट्टा मोकळा ठेवला.

"हा रस्ता. ही इकडची घरं, ही तिकडची. ज्या घरात उघडं, स्वच्छ पाणी साठवलेलं आहे, तिथं लाल बांगडी. नाही तिथं हिरवी. आता बघ." त्यानं डब्यातली मोहरी मुठीत घेतली आणि एका कडेच्या लाल बांगडीत ओतली. बांगडी भरली, दाणे बाहेर सांडले. शेजारच्या लाल बांगडीत गेलेले त्यानं राहू दिले आणि तिथं आणखी मूठभर घातले. हिरव्या बांगडीत गेलेले वेचून टाकले. असं करत करत मोहरी चादरीच्या दुसऱ्या टोकाला पोचली.

"हे डास," तो म्हणाला. "आपल्याकडचे डबक्यातले नव्हेत. हे परके आहेत, निमाडातून घाट चढून आलेले. सडकेच्या कामाला पाण्याची पिपं गाडीवर येत ना, त्यातून गंधवानीहून अमझेऱ्याला आले. मग एक शाखा सरदारपूरच्या छावणीत, एक धारेत. यांना घरातलं निवळ पाणी लागतं. हौद, रांजण. जिथं गेले तिथं पुढच्या पावसाळ्यात हिवताप. मी धारेत आधी सांगितलं होतं, कुठली गल्ली पहिली, कुठली नंतर. अर्ध्याहून जास्त खरं निघालं."

"आणि आता इथं आलेत?" नर्मदाबाईनं विचारलं.

"आलेत. बाहेरच्या विहिरी मी बघितल्या. पण लाल बांगड्या कुठं मांडायच्या तेच मला ठाऊक नाही. घरात मला कोण घेणार?"

आणि तो तिच्याकडे बघत राहिला. गणोजीनं चिलीम खाली ठेवली.

"सालेसाहेब, कासारणीचं तोंड म्हणजे कुलूप असतं."

"तोंड कुणी उघडायला सांगतंय, भावजी? डोळे उघडे ठेवायचे. जिजी, वाटीत पाणी येतंच ना तुझ्यापुढं? डोकं खाली करून लोंबणारा किडा दिसला तर तो साधा. पाण्याच्या वर आडवा पडून राहणारा दिसला तर तो हा. पाणी हौदातलं की रांजणातलं एवढं विचारायचं. हौद कुठं आहे ते सांगायचं. बस."

"आणि त्या बायकांना सांगू ना? की बाई, हौद उपसून घ्या म्हणून?"

भगवंत घाईनं म्हणाला, "नको नको. आत्ता नाही. तू एकेकीला सांगत सुटलीस तर कुणी उपसतील, कुणी नाही, आणि माझं सगळं गणित फिसकटेल. आधी सगळं मांडून होऊ दे. मग सरकारच हुकूम काढेल, दोन्ही पाती मिळून. तुझं नाव कुठं येणार नाही. आईची आण."

आईची आण म्हटल्यावर नर्मदाबाईला पुढं विचारण्यासारखं काही उरलं नाही.

आषाढात तिनं दोन्ही पातींतली घरं पालथी घातली. धाकट्या पातीत विश्वासरावांचं घर मोठं. त्यांची बायको भवानीबाई तिच्याच वयाची, तोंडानं फटकळ, मनानं मोकळी. त्यांची सून इंदू पहिलटकरीण होती आणि तिला हिरवा चुडा भरायचा होता. मागच्या चौकात न्हाणीशेजारी नवा हौद बांधला होता. दिवस राहिलेल्या सुनेला विहिरीवर जावं लागू नये म्हणून भवानीबाईंनी हट्टानं बांधून घेतलेला. वाटी त्याच हौदातून भरून आली.

नर्मदाबाईनं वाटीत बघितलं. कडेशी दोन काड्या आडव्या पडल्यासारख्या दिसत होत्या. बोट लावलं तसं त्या मागं सरकल्या.

"काय गं नर्मदे, आज तोंड शिवलंय का? येरवी चुड्याबरोबर चार गोष्टी फुकट देतेस."

"नाही बाईसाहेब. उन्हातून आले ना."

तिनं बोटानं ते दोन किडे वाटीबाहेर उडवले, इंदूचा हात त्या पाण्यात बुडवला आणि चेपू लागली. इंदू म्हणाली, "मावशी, तुमचा हात किती हलका आहे. इंदूरच्या कासारणीनं तर मला रडवलं होतं." बांगड्या चढल्या. इंदूनं पोट सांभाळत वाकून नमस्कार केला. नर्मदाबाईनं आशीर्वाद दिला आणि घरी येऊन भावाला सगळं सांगितलं: हौद मागच्या चौकात, न्हाणीच्या डाव्या अंगाला, तुळशीच्या मागं. दुसऱ्या दिवशी थोरल्या पातीतल्या घरांचं सांगितलं. तिकडेही किडे होते. खरं म्हणजे तिकडे जास्त होते. भगवंत टिपून घेत गेला आणि "शाब्बास जिजी" म्हणत गेला.

श्रावणात नागपंचमीच्या आदल्या दिवशी थोरल्या पातीच्या दवाखान्याच्या ओसरीवर मोठा रंगीत नकाशा टांगला गेला. बाजारचा दिवस होता. नागपंचमीला बांगड्या भरायच्या म्हणून नर्मदाबाई पहाटेपासून माळा लावत होती. गणोजी बाजारातून मोकळ्या हातानं परत आला.

"तू आज बाहेर पडू नकोस," तो म्हणाला.

"का? आज तर घराघरातून बोलावणं आहे."

"तुझ्या भावानं नकाशा टांगलाय. एकेक घर काढलंय, कुठल्या गल्लीत ताप आधी येणार तेही लिहिलंय. न्हाणी कुठं, हौद कुठं, बायका बसतात तो चौक कुठं. गाडीवाल्यांपासून तंबोळ्यापर्यंत सगळे वाचताहेत. एकजण म्हणत होता, देखो भिया, ये विश्वासराव की बहू की न्हानी."

नर्मदाबाईनं हातातली माळ खाली ठेवली.

"आणि आणखी एक," गणोजी म्हणाला. "लाल ठिपके सगळे धाकट्या पातीत आहेत. रस्त्यापलीकडे, थोरल्यांकडे, एकही नाही. तिकडं सगळं हिरवं."

"असं कसं? तिकडचे मी सांगितले ना त्याला."

"ज्याचा पगार त्याचा रंग, बाई."

नागपंचमीला ती तरीही निघाली. पहिल्या घरी मोलकरणीनं सांगितलं, बाईसाहेब झोपल्यात. दुसऱ्या घरी सांगितलं, बांगड्या आहेत आमच्याकडे. तिसऱ्या घरी दार उघडलंच नाही. आतून फक्त हसण्याचा आवाज आला आणि मग कुणीतरी "श्श" केलं. थोरल्या पातीतसुद्धा दारं मिटली. त्यांचं काही टांगलं गेलं नव्हतं, पण आज शेजारणीचं गेलं, उद्या आपलं जाईल, एवढं बायकांना कळत होतं.

तरी तिचं नाव उघड कुणी घेतलं नव्हतं. तेवढ्या आशेवर ती होती. आईची आण घेतलेली होती.

मग विश्वासराव चार मानकऱ्यांना घेऊन रस्ता ओलांडून थोरल्यांच्या कचेरीत गेले आणि या पोरानं आमच्या जनान्यात पाय कसा घातला ते विचारलं. गणोजी गर्दीत मागं उभा होता. घरी येऊन तो चुलीशी बसला. तो थट्टेखोर माणूस. पण आज थट्टा नव्हती.

"काय म्हणाला भगवंत?"

"म्हणाला, मी कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेलो नाही. माझी बहीण घरोघर फिरते. बायकांना सवय असते इकडचं तिकडं करायची. तिनं आपणहून सांगितलं ते मी मांडलं."

"आपणहून?"

"हो. तोच शब्द. मी नीट ऐकला."

नर्मदाबाई उठली आणि तिनं चुलीवरचं दूध उतरवलं. ते उतू जात होतं. नंतर पुष्कळ दिवस तिला वाटत राही की गणोजीनं चुकीचं ऐकलं असेल. ती त्याला पुन्हा पुन्हा विचारी, आणि तो दर वेळी तेच सांगे.

धाकट्या पातीनं हौद उपसण्याचा हुकूम काढला नाही. त्यांच्या कचेरीचं म्हणणं, नकाशा म्हणजे थोरल्यांनी केलेली बदनामी आहे. आम्ही हौद उपसले तर ती कबूल केल्यासारखं होईल. थोरल्यांनीही काढला नाही, कारण नकाशावर त्यांच्याकडे उपसण्यासारखं काही नव्हतंच. दोन्हीकडचे हौद तसेच भरलेले राहिले, आणि भादव्याच्या शेवटी थंडी वाजून ताप येऊ लागला. आधी विश्वासरावांच्या आळीत, मग मागच्या गल्लीत, नकाशात सांगितलं त्याच क्रमानं. रस्त्यापलीकडच्या हिरव्या घरांतही तितकाच आला, पण तो कुणी मांडला नाही. दवाखान्यातलं हिवतापावरचं कोयनेल संपलं. गणोजीलाही आला आणि घाम येऊन उतरला.

इंदूला आला तो लवकर उतरला नाही. तिचं मूल दिवस भरायच्या आधीच झालं, आणि राहिलं नाही.

आश्विनात विश्वासरावांच्या घरून निरोप आला: सूनबाई न्हाली, बांगड्या घालायच्या आहेत. नर्मदाबाईनं गाठोडं उचललं. दारात पहारेकरी मानाजी उभा होता. त्यानं तिला आत जाऊ दिलं नाही; देवडीकडे बोट केलं. देवडी म्हणजे मोठ्या दाराच्या आतली, पहारेकऱ्यांनी आणि फेरीवाल्यांनी बसायची जागा. तिथून पुढं माजघराचा पडदा. नर्मदाबाई आजवर तिथं कधी बसली नव्हती.

पडद्याच्या आत भवानीबाई येऊन बसल्या. बांगड्यांनी भरलेला हात दिसला, चेहरा दिसला नाही.

"बाईसाहेब, मला आत येऊ द्या. मला बोलायचंय."

"तिथूनच बोल. ऐकू येतंय मला."

"मी सांगितलं. खोटं नाही बोलत. पण त्यानं आण घेतली होती, की नकाशात नाव..."

"त्यानं काय केलं ते मला नको सांगूस. तो परका पुरुष. त्याच्याकडून माझी काय अपेक्षा असणार? तू सांग. आषाढात तू माझ्या चौकात बसली होतीस. वाटीत किडे बघितलेस. बघितलेस ना?"

"बघितले."

"आणि माझ्या सुनेचा हात त्याच पाण्यात बुडवलास. मी समोर बसले होते गं नर्मदे. एक शब्द बोलली असतीस, की हौद उपसून घ्या बाईसाहेब, तर मोलकरणीला सांगून मी संध्याकाळच्या आत उपसून घेतला असता. कुणाला पत्ता लागला नसता. तो हौद माझा होता तेव्हा. श्रावणात तो माझा राहिला नाही, सरकारचा झाला. हात जोडले मी यांच्यापुढं. म्हणाले, एक बादली जरी काढलीत तर थोरल्यांच्या पाया पडल्यासारखं होईल."

भगवंतानं सांगू नको म्हटलं होतं हे खरं होतं, पण ते सांगितलं असतं तर उत्तर झालं नसतं.

भवानीबाईंचा आवाज खाली आला. "एक सांग. पलीकडच्या घरांत होते का किडे? थोरल्यांकडे?"

हो म्हटलं असतं तर विश्वासरावांच्या घरावरचा अर्धा डाग तिथंच पुसला गेला असता. उद्या सकाळी सगळ्या धाकट्या पातीत तिची दारं उघडली असती. नर्मदाबाईच्या ओठांवर नावं आलीही: कुणाचा रांजण, कुणाचा हौद. तिनं पदर तोंडाशी धरला.

"मला नाही सांगता येणार, बाईसाहेब. त्यांच्या घरातलं आहे ते."



"बरं," भवानीबाई म्हणाल्या. "हे तरी आता कळलं तुला. बांगड्या भर. यापुढं येत जा, पण इथंच, देवडीवर. आत नाही."

भाऊबीजेला भगवंत आला. डोक्याला नवा फेटा होता, दरबारानं बांधलेला. गणोजी त्याला बघून उठला आणि "दुकान उघडं आहे" म्हणून निघून गेला; दुकान बंद होतं. नर्मदाबाईनं पाट मांडला होता. भावाला पाटावर बसवलं, टिळा लावला.

"जिजी, तुला कळलं ना? एकूण एक गल्ली. मी मांडली होती तशीच. धारेहून डॉक्टरसाहेबांनी पत्र पाठवलंय, म्हणे असं आधी सांगणं कुणाला जमलं नव्हतं."

"तू हौद उपसू दिले नाहीस म्हणून जमलं."

त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "तसं नाही गं. हुकूम निघाला नाही त्याला मी काय करू? राजकारण आहे ते."

"आणि रस्त्यापलीकडचे ठिपके? ते तर मी तुला मोजून दिले होते."

"दिवाणसाहेब म्हणाले, आपल्याकडचे राहू दे. चाकरी आहे, जिजी."

"आणि माझं नाव?"

भगवंत पाटावर अवघडून बसला. फेटा त्याला थोडा मोठा होत होता. म्हणाला, "त्या दिवशी तलवार बांधून पाचजण आले होते माझ्यावर. माझी नोकरी जात होती. तुझं काय जाणार होतं? तू बाईमाणूस, दोन दिवस रुसतात आणि मग बोलावतात. बोलावलं की नाही विश्वासरावांनी?"

तबकातली निरांजनं जळत होती. नर्मदाबाईनं ती ओवाळली. बहिणीच्या रागानं भावाचं आयुष्य उणं होऊ नये, एवढ्यासाठी. मग ताट वाढलं. तो जेवला, आवडीनं जेवला, आणि हात धुता धुता म्हणाला, "आता मला पुन्हा धारेला बोलावलंय. मोठं काम आहे. तुम्ही दोघं चला तिकडं. इथं काय राहिलंय? धारेत तुला कुणी ओळखत नाही. पवारांच्या मानकऱ्यांची घरं आहेत, मी शब्द टाकीन, महिन्यात सगळी दारं उघडतील तुला. आणि माझंही काम होईल."

"तुझं काम म्हणजे वाटीत बघायचं."

"मग? तुझ्यासारखं कोण बघणार?"

"त्या घरातल्या बायकाच बघतील. त्यांच्या दाराबाहेर उभा राहा, पडद्यातून विचार, काय दिसलं की काय करायचं ते सांग."

"बायका मला सांगतील होय?"

"नाही सांगणार. पण हौद उपसतील."

"मग मला कळणार काय, जिजी?" तो म्हणाला, आणि त्याला खरंच समजलेलं नव्हतं.

त्यानं बूट चढवले. दारात वळून "येतो हं जिजी" म्हणाला आणि थांबला. तो शाळेत जायचा तेव्हापासून ती यावर "ये" म्हणत आली होती. आज ती ताट उचलून मोरीकडे गेली. तो थोडा वेळ थांबून असेल. मग बुटांचा आवाज गल्लीतून गेला.

तो धारेला गेला आणि तिथं मोठा झाला असं म्हणतात. नर्मदाबाई देवासातच राहिली. दारं हळूहळू उघडली, पण देवडीपर्यंतच. दोन्ही पातींत तोच नियम पडला. आता ती दाराशी बसकर पसरे, शेजारी पहारेकरी तंबाखू मळत बसलेला असे. सुखदुःखाचं बोलणं त्या जागी कसं होणार? पडदा हले आणि आतून एक हात बाहेर येई. गोरा, सावळा, कधी मेंदीचा, कधी भाजलेला. कुणाचा आहे ते सांगितलं जात नसे आणि ती विचारत नसे. ती तो हात दोन्ही हातांत घेई आणि हलके हलके चेपू लागे.